बंदुकीला इचारलं का?

काडतूस हातात आलं की चाचा आधी ते काचेवरून घरंगळवायचे. त्यांच्या टेबलावर जुन्या खिडकीची एक काच कायम असायची. तिच्यावर काडतूस ठेवायचं, बोटानं हलकेच ढकलायचं, मग खाली वाकून, एक डोळा मिटून, ते सरळ जातंय की लंगडतंय ते बघायचं. लंगडलं की बाजूला. सरळ गेलं तरी लगेच पास नाही. मग ते वर बघून विचारायचे, "बंदुकीला इचारलं का?"

आमच्या सांगलीच्या रायफल क्लबात हा प्रश्न ऐकला नाही असा सभासद नव्हता, आणि त्याचं उत्तर "हो" असं देणाराही नव्हता.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. क्लबला अध्यक्ष असतो, सेक्रेटरी असतो, भिंतीवर दोघांचे फोटो असतात, आणि काम भलताच कुणीतरी करत असतो. आमच्याकडे अध्यक्ष म्हणजे तासगावचे बेदाण्याचे मोठे व्यापारी. सेक्रेटरी मी. आणि काम करणारे चाचा. फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात उमर घालवलेले, तासगावहून रोज एसटीनं येणारे, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ.

आता थोडं शास्त्र सांगतो. मी चाचांकडून ऐकलेलं आहे, त्यामुळे बरोबर आहे. पन्नास मीटरवर कागद लावायचा आणि पाच गोळ्या मारायच्या. पाच भोकं जितकी जवळजवळ, तितकं बरं. आम्हाला वाटायचं, ते नेमबाजाच्या हातात असतं, आणि हात साथ देईना तर महागडं काडतूस देतं. चाचांचं म्हणणं वेगळं. प्रत्येक रायफलीची नळी आपापल्या आवडीची. एकीला जे काडतूस मानवतं ते शेजारणीला चालत नाही. एकाच कंपनीचं, त्याच रंगाच्या डबीतलं, पण डबीवरचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातली खेप, बदलली तरी नळी तोंड फिरवते. म्हणून ते रायफल लोखंडी शिकंज्यात आवळायचे, म्हणजे माणसाच्या हाताची लुडबुड नको, आणि एकेका लॉटच्या गोळ्या मारून कागद बघत बसायचे. निकाल एका वहीत लिहायचे. त्या वहीत त्यांनी कधी कुणाची भीड ठेवली नाही.

एकदा अध्यक्षांनी परदेशी काडतुसांच्या सोनेरी डब्या आणल्या. हार झाला, भाषण झालं. मी आभार मानताना आता आपलं एकही निशाण चुकणार नाही असं जाहीर करून टाकलं. चाचांनी पाच गोळ्या मारल्या. भोकं रुपयाच्या नाण्याबाहेर गेली.

"चाचा, परदेशी माल आहे हो हा!" अध्यक्ष दुखावून म्हणाले.

"व्हय की, सायेब. पर बंदुकीला त्यातलं कळत न्हाई. इचारल्याबिगर कुणाच्या ताटात काय वाढू ने."

त्या डब्या मग शोकेसमध्ये गेल्या. दिसायला खरंच छान होत्या.

अश्विनी क्लबात आली ती कवठे महांकाळहून. दोन एसटी बदलून यायची, क्लबची सगळ्यात जुनी रायफल वापरायची. नवी रायफल आम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असे, आणि पाहुण्यांना ती धरता येत नसे. पोरीचा हात दगडासारखा स्थिर. राज्याच्या संघात निवड झाली तर क्रीडा कोट्यातून पोलिसात जायची संधी होती. पण वडिलांनी एकच वर्ष दिलं होतं. तेवढ्यात निवड झाली नाही तर बंदूक बंद.

चाचांनी त्या म्हाताऱ्या रायफलीला पाच महिने विचारलं. अकरा लॉट नापास झाले. बारावा, अगदी साध्या देशी डबीतला, असा बसला की पाचही भोकं शर्टाच्या बटणाखाली झाकली जावीत. दुकानात त्या लॉटच्या तीनच डब्या उरल्या होत्या. चाचांनी त्या आणून कपाटात ठेवल्या आणि वर चिठ्ठी चिकटवली : हात लावू नये.

निवड चाचणी दसऱ्यानंतर चार दिवसांनी होती. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा होते. शेतकरी विळा पूजतो, सुतार करवत पूजतो, मग रायफल क्लबानं मागे का राहावं? चाचा दरवर्षी झेंडू आणायचे, रायफली पुसून मांडायचे. त्या वर्षी ते साताऱ्याला लेकीकडे गेले होते. त्यामुळे मांडणी माझ्याकडे आली, आणि मी ठरवलं की यंदा काहीतरी भव्य करू. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार होता. परदेशी डब्या अध्यक्षांना फोटोत सीलबंदच हव्या होत्या. मांडणीला तर सुटी काडतुसं लागणार होती. म्हणून मी चाचांचं कपाट उघडलं. चिठ्ठी वाचली. पण हात लावू नये ही चिठ्ठी इतरांसाठी असते, सेक्रेटरीसाठी नसते.

दीडशे काडतुसांचा मी पाटावर सूर्य काढला. बारा किरणं. वर भरपूर हळद, भरपूर कुंकू. फोटो फार सुंदर आला.

या काडतुसांच्या शिशाला मेणासारखं वंगण असतं. त्याला धूळसुद्धा लागू द्यायची नसते. हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या सेक्रेटरीपदाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

दसऱ्याला दुपारी चाचा आपट्याची पानं घेऊन आले. "सोनं घ्या, सेक्रेटरीसायेब." मग त्यांनी कपाट उघडलं. पिवळी-लाल काडतुसं मी परत डब्यांत नीट भरून ठेवली होती. नीटनेटकेपणाची मला सवय आहे. चाचांनी एक उचललं. काचेवर ठेवलं नाही. नुसतं बोटांत फिरवत राहिले.

"पुसून घेऊ या की, चाचा," मी म्हणालो.

"पुसलं तर वंगण जातंय. न्हाई पुसलं तर कुकू नळीत जातंय. बगू या."

दहा पुसली, मारली. कागदावर मोहरी सांडल्यासारखी भोकं पडली. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काच पुसली आणि म्हणाले, "चा सांगा, सायेब."

अश्विनी दुसऱ्याच काडतुसांवर गेली. दोन गुणांनी हुकली. क्लबानं तिला प्रयत्नांबद्दल शाल द्यायचं ठरवलं. ठराव मीच मांडला होता.

पुढच्या आठवड्यात चाचा एक दिवस आले नाहीत. ते कवठे महांकाळला अश्विनीच्या वडिलांसमोर जाऊन बसले होते, हे तिनंच नंतर सांगितलं. "आवं, पोरगी कमी पडली न्हाई. गोळ्या मी दमट जागी ठिवल्या. माजी चूक हाय. अजून एक वरीस द्या तिला." पांढऱ्या दाढीचा माणूस दारात येऊन चूक कबूल करतोय म्हटल्यावर वडिलांना नाही म्हणवेना. मी ते ऐकलं आणि गप्प बसलो. गप्प बसायला मला जराही त्रास झाला नाही, हे इथं लिहितानाच कळतंय.

चाचा पुन्हा काचेपाशी बसले. पुन्हा शिकंजा, पुन्हा कागद. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या रायफलीला एक नवा लॉट मानवला. या वेळी त्यांनी डब्या तासगावच्या एका परवानेवाल्या दुकानदाराकडे कुलपात ठेवल्या. क्लबाच्या कपाटात ठेवल्या नाहीत. मी कारण विचारलं नाही. आणि उन्हाळा संपायच्या आत चाचा गेले. साधा ताप होता म्हणतात.

त्या वर्षी अश्विनीची निवड झाली. त्याच रायफलीवर, त्याच डब्यांतल्या गोळ्यांनी. एक वर्ष आधी झाली असती तर चाचांनी पाहिली असती. हे वाक्य मी मनात पुष्कळदा फिरवून पाहिलं. त्यात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा दोष निघत नाही.

ती पेढे घेऊन क्लबात आली. आधी चाचांच्या खुर्चीवर एक ठेवला. मग म्हणाली, "काका, त्यांची वही मला द्याल का?"

वही द्यायच्या आधी मी चाळली. सगळी पानं खरी. या लॉटला त्या रायफलीनं काय केलं, कुणाची महागडी गोळी कुठं भरकटली, सगळं. आणि त्या दसऱ्याच्या पानावर तीन डब्यांपुढे त्यांच्या अक्षरात : दमट झाल्या. चूक माझी. त्या आठवड्यात सांगलीत ऊन इतकं कोरडं होतं की वाळत घातलेला कपडा तासात कडक व्हायचा. अख्ख्या वहीतलं हे एकच खोटं, आणि ते माझ्यासाठी होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी पेन काढलं. ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं : हळद-कुंकू. चूक सेक्रेटरीची. सही केली आणि वही तिच्या हातात दिली.

तिनं ते पान वाचलं. एका हातात वही होती. दुसऱ्या हातानं पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरलेला होता.

"काका," ती म्हणाली, "चाचांला इचारलं व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं पुडा मिटला नाही. मी पेढा घेईपर्यंत तसाच धरून उभी राहिली.