मेंढ्यांचं पाणी पुढच्या पंधरवड्यात

बीड बायपास ओलांडला आणि केसरबाई एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या सावलीला टेकल्या. गुलमंडीहून निघून तास होऊन गेला होता. रविवारी सातारा परिसरातल्या खंडोबाला पायी जायचं हा त्यांचा नेम. आज जोडीला अंबिका होती. फुलंब्रीच्या शाळेतली त्यांची विद्यार्थिनी, मेंढपाळ कडूबाची लेक, आता शहरात सॉफ्टवेअर कंपनीत. शाळेच्या अंकात तिच्यावर चार ओळी लिहायच्या म्हणून बाईंनी तिला मुद्दाम सोबत घेतलं होतं. पण पोरगी नेमकं करते काय, हेच अजून उमगत नव्हतं.

"गावांना टँकर मागवता यावा म्हणून ॲप करतेस, इथवर कळलं. पण हे अजाईल-बिजाईल काय असतं गं?"

"बाई, सगळं एकदम करून द्यायचं नाय. पंधरा दिवसांत थोडं करायचं, गावातल्या लोकांना दाखवायचं, ते म्हणतील तसं बदलायचं. की परत पंधरा दिवस."

"म्हणजे झंपर शिवता शिवता अंगाला लावून बघायचं."

"व्हय. अन् गिऱ्हाईक म्हणतं, बाही नको. बाही उसवली की म्हणतं, होती तीच बरी होती!"

दोघी हसत उठल्या. चालता चालता अंबिकानं गावातल्या पहिल्या बैठकीची गोष्ट सांगितली. चतुराबाई नावाच्या एका म्हातारीनं ॲपकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "पोरी, मोठा फोन लेकासंगं कामाला जातो. घरात हे बटणाचं डबडं. टँकरला काय हाका मारू?" दार लावून वर्षभर काम केलं असतं, तर हे कळायला वर्ष गेलं असतं. आता पंधरा दिवसांत साध्या फोनवरून मिसकॉल दिला तरी टँकरची नोंद होऊ लागली.

केसरबाईंना ही रीत भारी पटली. देवाचा नैवेद्य सोडला तर बाकी सगळं चाखूनच वाढावं, असं त्यांचं मत.

"मग तोंड का उतरलंय तुझं?"

नव्या वसाहतीकडं एक टँकर पाणी सांडत गेला. तो वळेपर्यंत अंबिका त्याच्याकडं बघत राहिली.

"बैठकीला येतो त्याचंच काम यादीत वर चढतं, बाई. जनावरांच्या हौदाला टँकर मिळावा, हे मी दर वेळी मांडते. दर वेळी कुणीतरी नवंच कायतरी मागतं, अन् साहेब म्हणतात, पुढच्या पंधरवड्यात घेऊ. मागणारं माणूस दाखव म्हणतात. मेंढपाळ कसा येईल? बैठकीच्या वक्ताला मेंढरं रानात."

"तुझ्या बाला आण की!"

"तो म्हणतो, मेंढरं सोडून खुर्चीवर बसू व्हय? आई एकटीला आवरत नाय. पुढं एक माणूस लागतं, मागं एक. अन् मंगळवारची बैठक शेवटची. मग आम्ही दुसऱ्या कामावर. विहिरी तळाला गेल्यात. हौद भरला नाय तर कळप विकून टाकतो म्हणतोय बा. मेंढरांबिगर तो करणार काय?"

समोर देवळाचा कळस दिसू लागला होता. केसरबाईंनी चालता चालताच हात जोडले.

अंबिका मधेच थांबली.

"बाई, लिहायचं ऱ्हाऊ द्या जरा. मंगळवारी सकाळी आईच्या जोडीला मेंढरांमागं उभ्या ऱ्हाल का? तेवढ्यात बा बैठकीला येऊन जाईल."