आठ दिवस थांबायचा मका

सुरतची गाडी फाट्यावर येऊन उभी राहिली तेव्हा आबा मक्यात होते. माय माझ्या पिशवीत शेवेची पुडी कोंबत होती, कंडक्टर खेकसत होता आणि माझे वडील रस्त्याकडेच्या आमच्या वावरात वाकून एक पान बोटांनी उलगडून बघत होते. पोरगा घर सोडून चाललाय आणि यांना पानाचं पडलंय, असं वाटून माझं डोकं फिरलं. शेवटी बांधावर येऊन म्हणाले, "सकायलेच पान गुंडायेल शे. पानी पाहिजे." हा माझा निरोप. मी खिडकीतून हातसुद्धा हलवला नाही.

मक्याचं पान दुपारी गुंडाळलं तर ते उन्हामुळे, सकाळीच गुंडाळलेलं असलं तर पिकाला खरंच तहान लागलेली असते. हे आबांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, पण सुरतमध्ये उधन्याला खोली घेतल्यावर ते मी पहिल्या महिन्यातच विसरलो. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात कान जातात म्हणतात, आमची अक्कलही तिथेच गेली असावी.

उधन्यातली आम्ही खानदेशी मंडळी रविवारी चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जमतो. इस्त्रीचे शर्ट, हातात फोन, फोनमध्ये ढगाचं चित्र. त्या चित्राखाली चार निळे थेंब दिसले की आम्ही गावाकडचं पाऊसपाणी ठरवून टाकतो. तुऱ्यावर आलेल्या मक्याला ताण बसला की कणसात दाणा भरत नाही, सारखं ढगाळ राहिलं की मधल्या कोवळ्या पोंग्यात अळी पडते, भिजलेला कडबा गंजीत काळा पडतो, हे सगळं आम्ही अशा थाटात सांगतो की जणू कालच कोळपं धरून आलोय. पंधरा वर्षांत एकाच्याही नखात माती गेलेली नाही. आणि आमचं सर्वांत लाडकं ज्ञान म्हणजे, सुरतला पडला की दोन दिवसांत आपल्याकडे पडतो. ढग जणू आमच्याच गाडीचं तिकीट काढून निघतात.

गेल्या वर्षी श्रावणात गावाकडे महिनाभर थेंब नव्हता. मका कमरेएवढा होऊन थांबला, सकाळ-दुपार पानं गुंडाळलेली. दाणा येणार नव्हता, निदान चारा व्हावा एवढीच आशा होती. गोठ्यात एकच दुभती म्हैस, मायची लाडकी. तिला सुक्या कडब्यावर ठेवून दूध आटत चाललं होतं. इकडे एका दुपारी माझी मुलगी गॅलरीतून ओरडली, "पप्पा, वरसाद आव्यो!" मी लगेच फोन लावला. "आबा, आठे धो-धो पडी ऱ्हायना. दोन दिनमा तठे येई."

नेमका आला. आंधळ्याने मारलेला दगड लागला, एवढीच त्यात माझी हुशारी. पण माझी छाती फुगली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला आणि सांगितलं की मका आता हिरवागार झाला असेल, अळीने खाण्याआधी कापून म्हशीला घाला. आबा म्हणाले, "ताण पडेल मका शे. पानी पडनावर आठ दिन थांबाले पाहिजे." मी हसलो. हो, हसलो. म्हटलं, ही जुनी खुळं सोडा आता, इथे सगळी माहिती फोनवर असते. मी काहीही वाचलेलं नव्हतं. पलीकडून आवाज आला, "बरं. तुले जास्त समजस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मका कापून म्हशीपुढे पेंढी टाकली. दुपारी ती थरथरायला लागली, झोकांड्या खात खाली बसली आणि डॉक्टर येईपर्यंत संपली. डॉक्टरांनी सांगितलं ते असं : ताण बसलेला मका पहिल्या पावसाबरोबर जमिनीतलं नत्र अधाशासारखं ओढतो, ते ताटाच्या बुडख्यात साठून राहतं आणि जनावराचं रक्त नासवतं. आठवडाभर थांबायला हवं होतं. म्हणजे आबा जे म्हणत होते तेच, फक्त गळ्यात स्टेथोस्कोप घालून.

मी रजा काढून गेलो. ओट्यावर पाच-सहा माणसं बसली होती. चारा कधी कापायचा हे ज्याला विचारायचं, त्याच्याच गोठ्यात असं कसं झालं, असं एकाने तोंडावर विचारलं. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "चूक मन्हीच व्हयनी. मन्हंच डोकं चालनं नही." मी शेजारीच होतो. माझ्या हातात कप होता. मी चहा पीत राहिलो. आत माय दुधाची रिकामी बादली उगाच घासत होती, तिला सगळं माहीत होतं. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती.

तेव्हापासून गावात मक्याचं कुणी आबांना विचारत नाही. पूर्वी लोक पान खुडून घरी आणून दाखवायचे. आता आबा ओट्यावर बसलेले असतात आणि लोक समोरून फोन बघत जातात. फोनवर ते मला फक्त "जेवना का?" विचारतात, पावसाचं काढत नाहीत.

उधन्याच्या माझ्या मित्रांनो, लारीवर आता मी येत नाही, त्याचं कारण हे. आणि गावकऱ्यांनो, त्या दिवशी ओट्यावर गिळलेलं इथे ओकतो आहे : आबा थांबा म्हणत होते, कापायला मी सांगितलं. म्हैस माझ्या शहाणपणाने मेली. घर म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर आता एवढंच सांगता येतं, की तिथे माझी चूक अजून माझ्या बापाच्या नावावर चालू आहे. ती तेवढी काढून टाका. यंदाही ताण पडला आणि मग पाऊस आला, तर विळा उचलण्याआधी आमच्या ओट्यावर जा आणि पान आबांच्या हातात द्या.