आरसा वर नेणारा माणूस

दादरच्या आमच्या फिल्म सोसायटीत प्रोजेक्टर मी चालवायचो. एकदा गिरगावातल्या एका जुन्या दिग्दर्शकांचा छोटा विनोदी मूकपट हाती लागला. त्यांचं तेवढंच काम आता उरलंय. त्यातला नायक स्वतः दिग्दर्शकच. एक माणूस चाळीच्या जिन्याने भलामोठा आरसा वर नेतोय आणि प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी त्याला थांबवून आरशात बघतं. कोणी भांग पाडतं, कोणी कुंकू नीट करतं. तो बिचारा वजन पेलत अदबीने उभा. मधूनच आरशात आभाळ येतं, एखादी घार तरंगत जाते आणि जिनाच पाण्यावर हलतोय असं वाटू लागतं.

मूकपटासाठी प्रोजेक्टरला संथ गती असते. खेळाच्या आदल्या दिवशी मी त्याच गतीने लावून पाहिला. शेजारचा मित्र म्हणाला, "झोप येतेय रे. पळव की जरा." मी बोलपटाची वेगवान गती लावली. खेळाला लोक पोट धरून हसले. पत्रकात मी दिग्दर्शकांना 'धांदलीचा बादशहा' म्हटलं होतं. पुढे जो तो तेच लिहीत गेला.

खेळानंतर त्यांची मुलगी भेटली. म्हणाली, "बाबा असे माकडासारखे उड्या मारत नसत हो."

"ताई, मूकपट असेच दिसतात," मी म्हणालो. तसे ते दिसत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

यंदा त्याची डिजिटल प्रत निघाली. तीही पळतीच. ओळखीच्या संकलकाकडून मी ती मूळ गतीला आणवली आणि लॅपटॉप घेऊन गिरगावात गेलो. ताई आता नव्वदीला टेकल्यात.

"पुन्हा त्या माकडउड्या?"

"बघा तरी."

आरसा सावकाश चढू लागला. एका मजल्यावर म्हातारी पदर सारखा करते, पुन्हा करते. तो थांबतो, नजर दुसरीकडे वळवतो. ताई तोंडावर हात धरून हसल्या. मग बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"त्या खेळानंतर माझ्या भावाला बाबांची लाज वाटायची," त्या म्हणाल्या. "गेला तो. तुम्ही आधी यायचं होतंत."

मी लॅपटॉप मिटू लागलो.

"निदान लिहा तरी कुठेतरी."

म्हणून लिहितोय. ते दिग्दर्शक धांदलीचे नव्हते. समोरच्याचं बघून होईपर्यंत थांबणाऱ्या माणसाची गंमत त्यांना दिसली होती. घाई आम्हाला होती.