मीटर खरं आहे

गाडी घेतली त्या दिवसापासूनच ती विकायची कशी, हा विचार माझ्या डोक्यात होता. हसू नका. आमच्या बीदरकडं गाडीचा भाव लोक सोयरिकीपेक्षा बारकाईनं बघतात. पांढरी गाडी हातोहात जाते, लाल पडून राहते. हैदराबादहून आलेली स्वस्त, कारण ती पुरात बुडालेली असेल असा संशय. गुत्तेदाराची, म्हणजे कंत्राटदाराची नको, तो ती खडीवरून दामटतो. मास्तरची असेल तर डोळे झाकून घ्यावी. जी कंपनी देश सोडून गेली, तिची गाडी कितीही देखणी असो, सुटे भाग मिळत नाहीत म्हणून तिला कुत्रंसुद्धा विचारत नाही. आणि सगळ्यांत वरची म्हणजे ‘एका हाताची’, पहिल्याच मालकाकडं राहिलेली आणि कमी चाललेली. हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा, तसं तिचं असतं.

माझी तशीच होती. मी बीदरला लागूनच असलेल्या कोळारच्या एका गोदामात सुपरवायझर, कामावर स्कूटरनं जायचो. गाडी अंगणातल्या शेडमध्ये, वर कापड. रविवारी इंजिन चालू करायचं, गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची आणि परत आणून पुसायची. शेजारी चिडवायचे, “अण्णा, गाडी घेतलाव का म्हैस बांधलाव?” मीही हसायचो. विकताना कळेल एकेकाला, असं मनात म्हणायचो.

यंदा निवृत्त झालो आणि गाडी विकायला काढली. दलाल भालकीच्या एका कापड दुकानदाराला घेऊन घरी आला. दोघांनी बॉनेट उघडलं, पत्रा वाजवून बघितला, टायर चाचपले, सीटवर हात फिरवला. सगळं नव्यासारखं. मी मिशीत हसत उभा होतो. मग दलालानं मीटरवरचा आकडा वाचला आणि तोही हसला.

“अण्णा, मीटर कुणाकडून मागं फिरवलाव?”

माझं टाळकंच सरकलं. उभ्या जन्मात कुणी मला खोटा म्हटलं नव्हतं. पण दाखवायला कागद नव्हता, दुरुस्तीची सगळी कामं गल्लीतल्या मेकॅनिककडंच व्हायची. मी जितका चढ्या आवाजात बोलत होतो, तितका त्यांना चोर वाटत होतो. दुकानदार फाटकाकडं वळला. “घरात गाडी असून कोण एवढं घरी बसतंय?” तो म्हणाला.

घाईघाईत मी बायकोला हाक मारली. “अगं, ये बाहेर. यांना खरं काय ते सांग.”

ती पदराला हात पुसत आली. ती खोटं बोलत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, दलालालाही.

“व्हय, गाडी चाललीच न्हाई,” ती म्हणाली. “पुनवेला गाणगापूरला मी बसनंच जाते. गुडघे दाखवायला कलबुर्गीला गेलते, ते बी बसनंच. जागा न्हवती, उभ्यानं गेले. हे म्हणले, रस्त्याला खड्डे हायती, गाडी खालून घासंल.”

“कवाच काढली न्हाई, अक्का?” दलालानं विचारलं.

साक्षीत चूक नको म्हणून तिनं नीट आठवून बघितलं. “माझी माय गेली तवा माहेरचा, राजेश्वर गावचा रस्ता खोदून ठेवलेला व्हता. तवा बी बसनंच गेले. मातीला पोचले न्हाई. पर गाडी काढली न्हाई आमी.”

‘आमी’ म्हणाली ती. आवाजात तक्रार नव्हती. मला सोडवायला म्हणून ती एकेक आठवून सांगत होती. दुकानदारानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. धरणीनं पोटात घ्यावं असं मला वाटत होतं. तिनं आता थांबावं, असंही वाटत होतं, पण बोलावलं तर मीच होतं. दलालानं बॉनेट हळूच बंद केलं.

“पटलं, अक्का. मीटर खरं हाय.”

मी सांगितलेल्या भावाला त्यांनी घासाघीस केली नाही. मला मात्र वाटत होतं, करावी, निदान थोडी तरी करावी.

ते गेल्यावर तिनं चहा टाकला. मला तिच्याकडं बघवत नव्हतं. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, “बरं झालं, मी घरात व्हते. न्हाईतर तुमच्यावर उगं आळ आला असता.”