दांडा काढलेली गाडी

आमच्या घरात गाडी मी चालवते आणि आमचे हे ती उघडतात. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला की कोणत्या ना कोणत्या वस्तूवर संक्रांत येतेच. आधी मिक्सर झाला, मग पाण्याची मोटर, मग शेजाऱ्यांचा कूलर. गाडीचा नंबर कधीतरी लागणार हे मला ठाऊक होतं.

कापसाचे वेचे सुरू होते तेव्हाची गोष्ट. नालवाडीच्या आमच्या घरामागे मी कपडे वाळत घालायला गेले, तर भिंतीला टेकून एक काळा लोखंडी दांडा उभा. अंगठ्याहून जाड, दोन्ही टोकांना वाकलेला. मला वाटलं, कुणाचं तरी फाटक मोडलं आणि ह्यांनी दुरुस्तीला आणलं.

"गाडीतला आहे," हे म्हणाले. "समोरच्या चाकांमधला. काढून टाकला."

"आणि गाडी?"

"उभी आहे ना दारात. चालते."

मी हातातली ओली चादर तशीच बादलीत टाकली. ज्या गाडीत आपण बसतो, तिच्यातला हातभर नव्हे चांगला दोन-तीन हात लांबीचा लोखंडी भाग बाहेर भिंतीला टेकलेला आहे आणि गाडी तरीही चालते, हे ऐकून कोणत्या बाईला बरं वाटेल? मी बोलायचं ते बोलले. ह्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि शेवटी एवढंच म्हणाले, "मायसाठी काढला."

मी बादलीतली चादर काढून पुन्हा पिळायला घेतली.

सासूबाई हिंगणीला, धाकट्या दिरांकडे राहतात. उन्हाळ्यात त्या ओसरीच्या पायरीवर घसरल्या आणि पाठीचे दोन मणके दबले. कमरेला पट्टा आला, खाली वाकणं बंद झालं. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू कुठे जायला हरकत नाही, फक्त हिसके नकोत. पण त्याच दिवशी दवाखान्यातून त्यांना गावी सोडताना रस्ता असा की एक बाजू बरी आणि दुसरी उखडलेली. डावं चाक खड्ड्यात गेलं की गाडी नुसती दणकायची नाही, कडेला फेकायची. खालचा दणका गादी-उशी ठेवून थोडाफार झेलता येतो. बाजूचा हिसका थेट कमरेत जातो. वाटभर सासूबाईंनी पुढची सीट दोन्ही हातांनी धरून ठेवली. अंगणात उतरल्यावर म्हणाल्या, "आजपासून ह्या डब्यात मी नाई बसत. मेलो तं चौघं नेतीन, तेही पायी."

एरवी आम्ही हे हसण्यावारी नेलं असतं. पण मधे सिंदीची मावशी होती.

मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. चार बहिणींमधल्या आता ह्या दोघीच उरल्या. रोज संध्याकाळी दोघींचा फोन व्हायचा आणि त्यात काय शिजलं इथपासून कोण खपलं इथपर्यंत सगळं यायचं. मग मावशीचे कान गेले. मशीन आणून दिलं तर ती म्हणे, कानात रातकिडा ओरडते, आणि ते डबीत घालून ठेवलं. फोनवर आपलं आपण बोलायची, समोरून काही ऐकू आलं नाही की ठेवून द्यायची. गुडघ्यांमुळे तिला घराबाहेर पडणं नाही. सासूबाई पडल्या हे तिच्या सुनेनं तिला हातवारे करून सांगितलं, तर तिचं म्हणणं, पाठ तर थोरल्या बाईची वर्षानुवर्षं दुखते, तरी यायची. आता येत नाही म्हणजे रुसली. नातीच्या लग्नात आपण बाईला लुगडं हलकं दिलं, त्याचा राग धरला. हे तिनं स्वतःच ठरवलं आणि आल्यागेल्याला सांगत सुटली.

ते हिंगणीला पोचायला किती वेळ लागतो? सेलूच्या बाजाराला कोणीतरी कोणालातरी भेटलं आणि पोचलं. सासूबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचं जेवण निम्मं झालं. मी भेटायला गेले तेव्हा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला म्हणाल्या, "लुगड्याचं त मले याद बी नाई वं. ती तसंच मनात घेऊन गेली तं?"

घरी येऊन मी हे ह्यांना सांगितलं, आणि ह्यांच्या डोक्यात तो दांडा शिरला तो तिथून.

त्यांनी मला समजावलं ते असं. हा दांडा समोरच्या दोन चाकांना एकमेकांशी बांधून ठेवतो. वळणावर गाडी एका अंगाला झुकू नये म्हणून तो असतो. पण त्यामुळे होतं काय, डावं चाक खड्ड्यात गेलं की ते उजव्यालाही ओढतं, आणि वरचं सगळं धूड डोलतं. एकाला ठेच लागली की दुसऱ्यानं लंगडायचं, असा कारभार. दांडा काढला की ज्याचा खड्डा त्याच्यापाशी. काही गाड्यांमध्ये चाक जागेवर धरून ठेवायचं कामही हाच दांडा करतो, तिथे त्याला हातही लावायचा नाही. आपल्या गाडीत तसं नाही, हे ह्यांनी नाक्यावरच्या मेकॅनिककडून दोनदा वदवून घेतलं होतं. मेकॅनिकनं दांडा काढून दिला, पण वर ऐकवलंच, "सर, खड्ड्यात मस्त चालन. वळनावर मात्र झोपन. मंग मले म्हनू नका."

मग चाचणी. ह्यांनी आईचा जुना पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला, मागच्या सीटवर आईच्या जागी बसले आणि मला उखडलेल्या रस्त्यानं गाडी न्यायला लावली. प्रत्येक खड्ड्याला मागून मार्क ऐकू यायचे. "दहापैकी सात. हा आठ. ह्याला साडेसहा, तू घाई केली." खरं सांगायचं तर फरक होता. गाडी खड्ड्यात उतरायची आणि वर यायची, पण ते कडेला फेकणं गेलं होतं. मला मनातून कौतुक वाटलं. तोंडानं मी काही म्हटलं नाही, कारण तेवढ्यानं शेजाऱ्यांचा फ्रीज उघडला गेला असता.

परतताना आमच्याच कोपऱ्यावर मी नेहमीच्या वेगानं वळले आणि गाडी भलतीच कलली. मागच्या सीटवरची संत्र्यांची पिशवी ह्यांच्या मांडीवर आली आणि हे दाराला चिकटले. घरी येऊन मी बजावलं, उद्याच्या उद्या दांडा परत बसवा, असली लोळणारी गाडी मी चालवणार नाही. हे म्हणाले, हळू चालवली तर? मी म्हटलं, आणि समोर गुरं आली तर? दोन दिवस हाच वाद चालला. शेवटी ठरलं ते माझ्या अटींवर. सायकलवाल्यानं हेवा करू नये एवढाच वेग. काही आडवं आलं तर ब्रेक, गाडी वळवून चुकवायची नाही. हायवेच्या लांब प्रवासाला जायचं असेल तेव्हा दांडा मुकाट्यानं बसवायचा. तो आजही तसाच बसतो आणि निघतो, आणि मेकॅनिक आम्हाला बघून हसतो.

सिंदीला न्यायला आम्ही हिंगणीला गेलो, तर सासूबाई बसायला तयार होईनात. ह्यांनी दांड्याचं गणित त्यांना अंगणात काडीनं रेघा ओढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू शायेत पोरायले असंच शिकवे काय? म्हनूनच नापास होये." मग माझ्याकडे वळल्या. "तू सांग. सिंदीवरी जाईन मी?"

मी म्हटलं, "आई, सांगता नाही येत. पण दुखलं तर आपण तिथूनच परत फिरू."

त्या उठल्या आणि नवं लुगडं काढायला आत गेल्या.

हिंगणीहून सेलूपर्यंत मी जपून चालवलं. आरशात एक डोळा त्यांच्यावर. खड्डे येत होते, गाडी उतरत होती, चढत होती, आणि त्यांचा चेहरा आवळलेला नव्हता. त्या खिडकीतून लोकांचे कापूस बघत होत्या आणि कोणाच्या वावरात तण माजलंय त्यावर शेरे मारत होत्या. हे पुढे बसून विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत होते. मी रस्त्याकडे बघत होते.

सेलूच्या पुढे, नाल्याच्या पुलाअलीकडे, रस्ता उजवीकडे वळतो. समोरून कापसानं फुगलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर आला आणि मला कडेच्या उताराला उतरावं लागलं. गाडी डावीकडे कलायला लागली. तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला, शेतात मजुरांना हाक मारतात तसा.

"आतल्या अंगाले सरका! वळनाच्या आत! सरक ना रे!"

आणि खरंच, हे मुकाट्यानं सीटवरून माझ्या खांद्यावर कलले, मीही उजवीकडे झुकले, आणि सासूबाई तर आधीच सरकल्या होत्या. ट्रॉली गेली. गाडी सरळ झाली. मी कडेला थांबवून मागे वळले. "आई, पाठ!"

"पाठ गेली तेल लावत," त्या म्हणाल्या. "बंडीत बसली नाई काय तू कधी?"

मग वाटभर त्यांनी ते सांगितलं. त्यांच्या माहेरचा कापूस बैलांच्या बंडीतून सिंदीला विकायला जायचा. बंडी माणसाच्या डोक्याच्या वर भरलेली, आणि वरच्या कापसावर ह्या दोघी बहिणी. ते बसणं ऐषारामाचं नव्हतं, कामाचं होतं. रस्ता उताराचा आला, बंडी एका अंगाला कलली की खालून बाप ओरडायचा आणि दोघींनी वरच्या बाजूला सरकायचं, नाही तर बंडी कापसासकट नाल्यात. "आमीच तुह्या गाडीचा दांडा होतो," त्या ह्यांना म्हणाल्या. गणिताचे मास्तर हसले. त्यानंतर सिंदीपर्यंत प्रत्येक वळणाला आम्ही तिघं न सांगता आत सरकत गेलो. रस्त्यानं जाणाऱ्यांना काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

मावशी दारात खुर्चीवर बसली होती. गाडी बघून तिनं तोंड फिरवलं. ठरवून ठेवलेलं असणार. मग सासूबाई उतरू लागल्या. आधी एक पाय, मग दाराला धरून दुसरा, मग ह्यांच्या खांद्यावर भार टाकून हळूहळू अर्ध्या उभ्या. पदराखालचा पट्टा दिसला. मावशी बघत राहिली आणि तिचा चेहरा पडला.

"सांगतलं काऊन नाई मले?" ती ओरडली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, सगळ्या गल्लीला.

"शंभरदा सांगतलं वं!" सासूबाईही तेवढ्याच जोरानं ओरडल्या. "तुले ऐकू येत नाई त मी का करू?"

आणि दोघी एकमेकींना धरून रडायला लागल्या. सून पाणी घेऊन आली ती तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. माझेही डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

लुगड्याचा विषय कोणी काढला नाही. जेवणं झाली. निघायच्या वेळी मावशी गाडीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मलेही बसव. लय दिवस झाले घराबाहीर नाई गेलतो." गुडघे सांभाळत तिला चढवायला आम्हा तिघांना कष्ट पडले. मागे दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या, आणि मी बाजाराच्या बाजूनं गाडी काढली.

पहिल्या वळणाला सासूबाईंनी तोंड उघडलं, सरक म्हणायला, आणि मिटलं. काय उपयोग? त्यांनी हात लांब करून मावशीचा खांदा धरला आणि तिला आपल्याकडे ओढलं. मावशी ओरडली, "काऊन ओढतं मले?" गाडी सरळ झाली. दुसरं वळण उलट्या बाजूचं होतं. सासूबाई तिच्या अंगावर कलल्या. मी आरशात बघत होते. मावशी क्षणभर गोंधळली, मग तिनं बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, समोर रस्त्याकडे पाहिलं, आणि हसायलाच लागली. तिसऱ्या वळणाला कोणी कोणाला ओढलं नाही. दोघी एकदमच सरकल्या.

घर आलं तरी मी थांबले नाही. पुढच्या गल्लीतून गाडी पुन्हा बाजाराकडे घातली. ह्यांनी माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "हळू घे. घाई नाई कोनाले."