आबांची साखर

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, उघड्या अंगानं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते सांगलीच्या दवाखान्यात. घरात ते खाकरल्याशिवाय माजघरात पाऊल टाकत नसत. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला तो झुबकेदार मिशांचा माणूस सदरा काढून खुर्चीत रेलला होता आणि छातीवर कापडानं बांधलेलं माझं लेकरू झोपलं होतं. मला चाकाच्या खुर्चीवरून आत आणलं, तरी ते हलले नाहीत. फक्त कुजबुजले, "ये सुनबाई. मोठ्यानं बोलू नगंस. आत्ताच डोळा लागलाय सायबाचा."

समर्थ सातवा महिना लागता लागताच झाला. माझा रक्तदाब एकाएकी वाढला आणि कडेगावहून सांगलीला पोचेपर्यंत माझी शुद्ध हरपली. बाळ काढावं लागलं. वजन किलोभरही नव्हतं. माझे पती सीमेवर, सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. बाळ जरा स्थिरावल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याला माणसाच्या अंगाची ऊब हवी. आबांची थोरली बहीण, आमच्या आत्या, सोबत होत्या. एवढासा जीव बघून त्या मागं सरकल्या. आबांनी सदऱ्याची बटणं काढली. "माजी डूटी हाय ही. हात कुटं धुवायचं तेवढं सांगा."

मग बाळाची साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी मला आणि आबांना शेजारी बसवून समजावलं. हा मधुमेह नव्हे. बाळ फार लवकर आलंय, सलाईनमधून जाणारी साखर त्याच्या अंगाला अजून पेलत नाही. बहुतेकदा ती आपसूक खाली येते. पण फार चढली तर मेंदूला, डोळ्यांना धोका असतो, म्हणून टाचेतून रक्त घेऊन सारखी तपासावी लागते. आबा मान डोलावत ऐकत होते.

त्याच दुपारी आत्या माझ्या खाटेशी बसून म्हणाल्या, "गरवार असताना आंबं लय खाल्लं हिनं. मी तवाच म्हनत हुते." मी भिंतीकडं तोंड केलं. आंबे खाल्ले होतेच. खाताना बाळासाठीच खातेय असं वाटायचं.

"आक्का, गप," दारातून आबांचा आवाज आला. "साखर माजी हाय ती. किती वर्सं गोळ्या खातोय मी? रगतातनं उतरली पोरात. तिचा काय संबंध?"

पुढं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आबा न विचारता हेच सांगायचे. मला वाटायचं, डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून गेलं असावं.

एके सकाळी बाळ पांढरं पडलं आणि उतरत आलेली साखर भसकन चढली. जंतुसंसर्ग झाला होता. औषधं बदलली, इन्सुलिन सुरू झालं, छातीवर घेणं बंद झालं. आबा काचेबाहेर ताठ उभे राहायचे, पहाऱ्यावर असल्यासारखे. स्वतः चहासुद्धा घेईनात. माझ्यापुढं मात्र डबा उघडून ठेवायचे. "तू खा. दूध तुजंच लागणार हाय त्याला." मी रडत रडत भाकरी गिळायची आणि ते दुसरीकडं बघत बसायचे.

शेवटी एकदा सिस्टर हसतच बाहेर आल्या. "आजोबा, उतरली साखर. या आत." आबा इतका वेळ हात धूत राहिले, की सिस्टरनीच नळ बंद केला.

समर्थ घरी आला. डोळ्यांना लेझर करावं लागलं, जाड चष्मा लागला; बाकी पोरगं तुरुतुरु पळायचं. आबांना स्वतःला इन्सुलिन घ्यायला डॉक्टर कधीचे सांगत होते आणि ते टाळत होते. दवाखान्यातून परतल्यावर त्यांनी आपणहून सुई मागवली. "एवढुशा टाचंत सुया टोचून घेतल्या की त्यानं. अन् मी पळू व्हय?"

एकदा अंगणात शेंगा फोडत बसलो असताना मी विचारलं, "आबा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, ती साखर कोणाकडून उतरलेली नाही म्हणून?"

"सांगितलं की. कळलं बी मला."

"मग तुम्ही आपली म्हणून का सांगत सुटलात?"

त्यांनी दाणे सुपात टाकले. "कुनाच्या तरी नावावर ते घालनारच हुती सगळी. तू आधीच मराय टेकलेली. माज्या नावावर घातलं की कोन बोलतंय? माज्याम्होरं हिंमत हाय का कुनाची?" आणि शेंगांचं टोपलं माझ्याकडं सरकवून म्हणाले, "फोड बिगीबिगी. ऊन आलं."

गेल्या थंडीत आबा गेले. झोपेतच, कोणाला हाक न मारता. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. आत्या समर्थला कुशीत घेऊन बसल्या होत्या. त्याचा चष्मा पदरानं पुसता पुसता सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आबाची साखर उतरली हुती रं तुज्यात. देवानं राखलं."

मी ताटं वाढत होते. हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"ती आबांची नव्हती, आत्या," मी म्हणाले. "माझीही नव्हती. पोर लवकर आलं होतं, एवढंच."

आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी पातेलं उचललं आणि पुढच्या ताटात भात वाढला.