बहारीनच्या बर्फावर दिलेला निकाल

मुहर्रकच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा उन्हाने डोळे दिपले. ताईचं घर जवळच, बुसैतीनला. मला न्यायला तिची मुलगी सानिका आली होती. गाडीत बसताच म्हणाली, "मामा, उद्या आमची कॉलेजची मॅच आहे. आइस हॉकी!"

उन्हाने भाजणाऱ्या या बेटावर बर्फावरची हॉकी! पण हॉकी म्हटल्यावर मी गप्प बसतो कसला? अर्धी हयात मी खडकीच्या मैदानावर पंचगिरी केलेली. संध्याकाळी समुद्राकाठी करक (दुधाचा दाट, कडक चहा) पिताना तिला तेच किस्से ऐकवत राहिलो. ती आपली "ओके, मामा" म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मनामातल्या बर्फाच्या रिंकवर गेलो. बाहेर अंगाची लाही, आत दातखीळ बसेल अशी थंडी. दाजींचं जाकीट मला ढगळ होत होतं. गोल झाला की लाल दिवा लावायला गोलमागे काचेआड एक माणूस बसतो. तो आलाच नव्हता. मी आपणहून पुढे झालो.

"भाची खेळतेय ना, अंकल?" युसुफ नावाच्या तरुण पंचाने विचारलं.

"मैदानावर मी भाची-बिची बघत नाही," मी म्हणालो. दोन्ही संघांनी होकार दिला.

सामना बरोबरीत चालला होता. शेवटी समोरच्या संघातल्या मरियमने मुसंडी मारली आणि गर्दीतून पक (रबराची चपटी चकती) तिच्या स्केटला लागून आत गेली. मी दिवा लावला नाही. युसुफला नीट दिसलं नव्हतं. तो काचेशी आला.

"किक?"

"फूट! फूट!" मी पाय आपटून दाखवला. आमच्या हॉकीत चेंडू पायाला लागला की विषय संपला. गोल रद्द झाला. लगेच सानिकाच्या संघाने गोल केला आणि सामना जिंकला.

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सानिका म्हणाली, "मामा, आम्ही अमेरिकन कॉलेजांचे रूल्स लावतो. पक स्केटला लागून गेली तर गोल असतो. मुद्दाम लाथ मारली तरच नाही."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"तू इतका शुअर होतास. सगळ्यांसमोर कसं सांगणार?"

माझे कान तापले. "गाडी वळव," एवढंच म्हणालो.

युसुफ आणि मरियम पार्किंगमध्ये भेटले. मी सगळं सांगितलं. युसुफने मान खाली घातली. "खेळ पुन्हा सुरू झाला की निकाल बदलत नाही, अंकल. खलास."

मरियम हळूच म्हणाली, "बाबा आज पहिल्यांदाच मॅच बघायला आले होते. मघापासून विचारतायत, तू खरंच लाथ मारलीस का?"

तिचे बाबा गाडीत बसले होते. मी काचेवर टकटक केलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो, "तुमच्या मुलीने लाथ मारली नव्हती. मलाच नियम माहीत नव्हता." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्याकडे वळून अरबीत काहीतरी बोलले आणि तिने बाहीने डोळे पुसले. मला म्हणाले, "शुक्रन" (आभारी आहे). त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस ताईने मला किल्ला दाखवला, मोत्यांची दुकानं दाखवली. मी नुसता मान डोलवत होतो.

निघताना सानिका विमानतळावर म्हणाली, "पुढच्या वेळी लगेच सांगेन, मामा."

"नक्की?"

"तू विचारलंस तर."

विमान उडालं तेव्हा लक्षात आलं, सबंध मुक्कामात मी तिला तिच्या खेळाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. नुसता सांगत होतो.